ओढून पाहिलेलं कुलूप

काल सोसायटीच्या हॉलमध्ये संहितेशिवायचं नाटक होतं. प्रेक्षकांतून कुणी ओरडलं, "संशयी गृहस्थ!" आणि ती भूमिका माझ्या बायकोच्या वाट्याला आली. तिनं हवेतलं कुलूप लावलं, ओढून पाहिलं, निघाली, परत येऊन पुन्हा ओढलं. लोक हसले. तिच्या चेहऱ्यावर मात्र खरी भीती होती. इतका खरा संशयी माणूस जवळून पाहिल्याशिवाय रंगमंचावर उभा करता येत नाही, असा माझा हिशेब.

वाटेत विचारलंच, "कुणाला बघून केलंस गं?"

"सुचलं तसं केलं हो. तुम्ही कशाला अंगावर घेता?"

आज बाहेर पडताना कुलूप लावून मी मुद्दाम ते ओढून न पाहता सरळ जिना उतरू लागलो. मागे खट्ट वाजलं. वळून पाहिलं, तर ती कुलूप ओढून पाहत होती. चेहऱ्यावर कालचीच भीती.