हिरवं बटन, लाल बटन

पंपघरात गाळ साचतो तसे किस्से साचतात. गाळ काढायला माणसं लावावी लागतात. किस्से चहा उकळायला ठेवला की आपोआप वर येतात!

आमचं पंपघर प्रकाशा गावाजवळ, तापीकाठी. नदीचं पाणी उचलून शेतांना द्यायचं. मी तिथला ऑपरेटर. शाळा दुसरीपर्यंत. जुन्या स्टार्टरचा दांडा वर केला की मोटर चालू, खाली ओढला की बंद. मग नवं पॅनल आलं. सगळं इंग्रजी.

चेअरमन म्हणाले, "आबा, महिनाअखेर इंजिनिअर येतील. त्यांच्यासमोर वाचून चालवून दाखवा. नाहीतर वाचणारा माणूस ठेवावा लागेल."

मी म्हणालो, "शिकतो."

* * *

शहाद्याचा सलीमभाई मोटरी दुरुस्त करतो. तो संध्याकाळी येऊन शिकवायला लागला. त्याची पद्धत एकच. "आबा, एकटा शब्द लेऊ नको. चालू करनारा अन् बंद करनारा, दोन्ही जोडीमा ले." स्टार्ट-स्टॉप. ऑन-ऑफ. ओपन-क्लोज.

"काय देऊ तुला?"

"चहा पाज. सुरुवातले एक, शेवटले एक."

दुसरा कप पुढे केला तर म्हणतो, "हाऊ शेवटना नही! तुले स्टॉप कोठे येस अजून?"

तिसराही प्यायला.

* * *

बाजारात माणकशेठचं किराणा दुकान. मूळचे मारवाडचे. त्यांच्या मुलानं सुरतहून दोन तोंडांची पाटी आणली. एकीकडे ओपन, दुसरीकडे क्लोज्ड. सरावासाठी मी तीही वाचायचो.

एका दुपारी शटर खाली, पाटी मात्र ओपन! मी शटर वाजवलं. शेठ वरच्या मजल्यावरून म्हणाले, "आबा, जेवतोय!"

"मग पाटी फिरवा ना."

"दुकान बंद असं आम्ही म्हणत नाही, अशुभ असतं. मंगल केलं म्हणतो. ती दुसरी बाजू मी कधीच दाखवणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून जेवायला जाताना शेठ त्या पाटीवर आपली टोपी घालू लागले. आता बाजारात सगळ्यांना कळतं. टोपी दिसली की परत फिरायचं!

* * *

रायसिंग आमचा वॉचमन, धडगावकडचा. सलीमभाईचं ऐकून ऐकून तोही शिकला. गावी गेला तेव्हा एका कचेरीत एक्झिटच्या दारातून आत शिरला. शिपाई ओरडला, "वाचता येत नाही? हे बाहेर जायचं दार!"

रायसिंग म्हणाला, "येतं. साहेब सकाळी यातून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. म्हटलं यातून आत येता येतं का बघावं!"

* * *

त्याच महिन्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही अवजारं पुजतो. आमची मंडळी ताट घेऊन आली. हिरव्या बटनाला कुंकू, लाल बटनालाही कुंकू. तेही भरपूर.

सलीमभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "वहिनी, आते दोन्ही लाल!"

ती म्हणाली, "तुम्हीच ना सांगता, जोडीनं घ्या?"

कुंकू मी धोतराच्या सोग्यानं पुसलं. सोगा अजून लाल आहे. ती धुऊ देत नाही.

* * *

या माणसांनी मला या वयात वाचतं केलं. त्यांच्या तोंडावर मी हे कधी बोललो नाही. म्हणून इथे लिहितो.

* * *

महिनाअखेर इंजिनिअर मॅडम आल्या. चेअरमन होते, सलीमभाई होता.

"स्टार्ट?" मॅडम म्हणाल्या.

वाचलं, दाबलं. मोटरनं पाणी धरलं.

"छान. आता स्टॉप."

मी हात मागे बांधून उभा राहिलो.

चेअरमन म्हणाले, "आबा, लाल बटन."

"दिसतंय."

"वाचा मग."

"वाचलं. स्टॉप."

"मग दाबा की!"

"हिराबाईचा फोन आला नाही."

हिराबाईची पपई पाइपलाइनच्या टोकाला. पाणी मध्येच तोडलं तर वरची शेतं पितात, ती कोरडी राहते. पाणी सोडलं की तिचा फोन येईपर्यंत मोटर थांबवायची नाही, हा आमचा रिवाज.

चेअरमनचा चेहरा उतरला. सलीमभाईनं माझ्याकडे बघणं सोडलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग खुर्ची ओढून बसल्या.

चहा झाला.

फोन वाजला. हिराबाईचा आवाज सगळ्या पंपघरात. "आबा, पानी उनं! शेवटना झाडले बी भिडनं! आते ऱ्हाऊ दे!"

मी लाल बटन दाबलं.

मॅडमनी कागदावर सही केली आणि विचारलं, "चेअरमनसाहेब, तुम्ही म्हणत होता तो वाचणारा माणूस कधीपासून येणार?"

चेअरमन म्हणाले, "कोणता माणूस?"