मुसम्मात आणि चतुराबाई

लातूरला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्राध्यापकांचे प्रबंध आणि निवृत्त माणसांची पुस्तकं एवढ्यावर ते चालतं. यातल्या निवृत्तांचा मला वैताग आहे. पेन्शन सुरू झाली की यांना आत्मचरित्र सुचतं, आणि त्यातली पहिली साठ पानं आपण किती हालात शिकलो यातच जातात. म्हणून उदगीरच्या इंदूबाई वलांडीकर पिशवीत चौकटीच्या वह्या घेऊन दुकानात आल्या, तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली आणि मनात कपाळावर हात मारला.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायच्या. शेवटची बावीस वर्षं देवणीजवळच्या एका खेड्यात काढली. आता वय सदुसष्ट. पांढरी वेणी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि समोरचा माणूस नापास होणारच आहे अशी नजर.

"आत्मचरित्र?" मी विचारलं.

"न्हाई. कादंबरी. ऐतिहासिक."

"शिवकालीन का?"

"फसली तेराशे सेहेचाळीस," बाई म्हणाल्या, आणि निजामाच्या काळातल्या फसली सनात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन येतं, हे मला कागदावर मांडून दाखवलं. उत्तर एकोणीसशे छत्तीस आलं. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी मला हे आणखी तीनदा शिकवलं.

कादंबरीचं मूळ एका कागदात होतं. शाळेला कुंपण बांधायचं होतं, म्हणून जागेचा पुरावा हवा होता. मुख्याध्यापकाचा पदभार तेव्हा बाईंकडे होता. कपाटात त्यांना जुन्या उर्दू बक्षीसपत्राची नक्कल सापडली. कुणीतरी ते कधीकाळी वाचून घेऊन, जसंच्या तसं देवनागरीत उतरवून ठेवलं होतं. त्यात एका ओळीच्या शेवटी होतं 'मुसम्मात', आणि पुढच्या ओळीत 'चतुराबाई बेवा चन्नबसप्पा'. शाळेकरिता अकरा गुंठे जमीन खुशीने दिली असे. खाली अंगठ्याची निशाणी.

कुंपण झालं. बाईंच्या डोक्यातून मात्र त्या दोघी जाईनात. एक मुसलमान, एक लिंगायत विधवा, दोघींना अक्षरओळख नाही, आणि त्यांनी मिळून शाळेला जमीन दिली! निवृत्तीनंतर, एकसष्टाव्या वर्षी, बाई लिहायला बसल्या. त्याआधी त्यांनी प्रगतिपुस्तकावरच्या शेऱ्यापेक्षा लांब काही लिहिलेलं नव्हतं.

सहा वर्षं लागली. तेव्हा त्या खेड्यात चहा पोचला होता की नाही, यावर दोन महिने गाडं अडलं. शेवटी चहा काढून टाकला. मुसम्मातच्या तोंडची दखनी उदगीरच्या एका बांगडीवालीकडून तपासून घेतली. कादंबरीत तलवार नव्हती. घोडा एकच होता आणि तो तहसीलदाराचा होता. तरी टाईप करताना मी पुढं काय होतंय म्हणून दोनदा जेवायला उशिरा गेलो. मुसम्मात तर मला फार आवडली. ती भाकरीचा करपलेला काठ स्वतः खायची, मधला भाग चतुराबाईला द्यायची, आणि वरून तिलाच झापायची.

पुस्तक सोमवारी छापायला जाणार होतं. प्रकाशन शाळेच्याच पटांगणात ठरलेलं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी नांदेडचे रेणुकादास आले. हे माझे जुने गिऱ्हाईक. रजिस्ट्री कचेरीत उर्दू कागद वाचण्यात यांची हयात गेली. नातवाच्या मुंजीची पत्रिका घ्यायला आले होते. टेबलावरचं मुखपृष्ठ उचललं, मागचा मजकूर वाचला आणि चष्मा काढून हसायला लागले.

"हे काय हो बालाजी? मुसम्मात नावाची बाई?"

"हाव. कादंबरीतली हाय. खरीच होती म्हणे."

"अहो, ते नाव न्हाई! बाईच्या नावाआधी लावायची रीत हाय ती. आपण श्रीमती लिहितो न्हाई का, तसं. मुसम्मात चतुराबाई. एकच बाई."

ध चा मा झालेला आपण सगळ्यांनी ऐकलाय. इथं श्रीमतीची अख्खी बाई झाली होती, आणि ती तीनशे चाळीस पानं भाकरीचे काठ खात होती.

मी छपाई थांबवली. 'मशीन बिघडलंय' असं बाईंना फोनवर सांगितलं आणि आठ दिवस गप्प बसलो. गप्पच राहावं असंही वाटलं. आता उर्दू कागद वाचणारे उरलेत किती? कुणाच्या लक्षात येणार होतं? पण बाईंचा स्वभाव मला माहीत होता. पुस्तक निघाल्यावर कुणी चार लोकांत हसलं असतं, तर त्यांनी पुन्हा पेन हातात धरलं नसतं. नवव्या दिवशी मी उदगीरची एस.टी. धरली.

बाईंनी नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला केली होती. मी पाऊसपाण्याचं बोललो, कागदाचे भाव बोललो, सुशीला आणखी मागून घेतली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती?

"बाई, ती दुसरी बाई न्हाईच."

"कोण दुसरी?"

"मुसम्मात. ते नाव न्हाई. श्रीमती म्हणतो ना आपण, तसं हाय."

बाई उठल्या. ती नक्कल घेऊन आल्या, चष्मा लावला आणि एका ओळीच्या शेवटापासून दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीपर्यंत बोट नेलं. मग परत नेलं.

"म्हणजे चतुराबाईनं एकटीनं दिली?"

"हाव."

"सासरच्यांच्या नाकावर टिच्चून, एकटीनं." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी त्यातले साडेपाच गुंठे काढून दुसरीच्या नावावर केले."

मी म्हटलं, कादंबरीच आहे, राहू द्या, कादंबरीत सगळं चालतं.

"कादंबरीत चालतं रे. चतुराबाईला चालंल का?"

मग मला नको तिथं हुशारी सुचली. मी नकलेच्या तळावर बोट ठेवलं. "बाई, देणाऱ्या दोघी असत्या तर अंगठेही दोन असते. इथं एकच हाय. गणिताच्या बाईला हे सहा वर्षं दिसलं न्हाई?"

बोललो आणि जीभ चावली.

"दिसलं होतं," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मला दुसरी पाहिजे होती, बालाजी."

त्यांनी मग दानम्माचं सांगितलं. दानम्मा त्याच शाळेत पहिलीच्या वर्गाला होती. घरी कानडी बोलणारी, तोंडाची फटकळ. बावीस वर्षं दोघींनी एका डब्यात खाल्लं. करपलेला काठ दानम्मा खायची. निवृत्तीनंतर रोज सकाळी उदगीरच्या किल्ल्यापर्यंत चालत जायचं दोघींचं ठरलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले असताना दानम्मा गेली, आणि जमिनीचा तो कागद त्याच वर्षी सापडला. हे सांगताना बाई रडल्या नाहीत. मीच ताटली विसळायला मोरीकडे गेलो.

प्रकाशन रद्द झालं. बाईंनी वह्या परत नेल्या. ही बाई आता काही परत येत नाही, असं मी धरून चाललो.

सात महिन्यांनी त्या आल्या. कादंबरी शंभर पानांनी कमी झाली होती. मुसम्मात पहिल्या पानापासून गेली होती. चतुराबाई एकटीच दिरांशी भांडत होती, एकटीच कचेरीला खेटे घालत होती. जेवताना काठ स्वतः खायची आणि भाकरीचा मधला भाग उगाच समोर ठेवायची. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, मुसम्मातची आठवण येत राहिली.

ती भेटली शेवटून दुसऱ्या प्रकरणात. कचेरीतला कारकून पुकारतो, "मुसम्मात चतुराबाई!" आयुष्यभर चन्नबसप्पाची बायको नाहीतर चन्नबसप्पाची विधवा एवढंच ऐकलेली ती बाई मागं वळून बघते. आपल्यासोबत आणखी कोण आलंय? दारात कुणी नाही. ती कारकुनाला विचारते, दुसरी कोण हाय? तो न बघताच म्हणतो, "तूच हाय." चतुराबाई पुढं होऊन अंगठा देते. घरी जाताना वाटेनं ते नाव स्वतःशीच म्हणत राहते.

सगळी पानं लावून झाली, एक अर्पणपत्रिका तेवढी राहिली होती. मी फोन केला. बाई म्हणाल्या, "लिही, मुसम्मात दानम्मा काशिनाथ बिरादार."

"बाई, रेणुकादास हसतील."

"हसू दे. लिही."

मी टाईप केलं. अक्षर मोठं होतं. मुसम्मात वरच्या ओळीत राहिलं आणि दानम्मा खालच्या ओळीत गेली. मी टाईप दोन पॉइंटांनी लहान केला आणि दोघींना एका ओळीत घेतलं.