फुंकणीएवढा समुद्र

आमच्या घरातल्या लग्नात मला अक्षतांच्या ताटाशी बसवतात आणि माझा कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देतात. माझ्या फोटोत माणसांचे डोळे मिटलेले असतात, अशी माझी ख्याती आहे. म्हणून मी माणसं सोडली आणि समुद्र धरला. समुद्राला डोळे नसतात. कोल्हापुरातनं पहाटे निघून गगनबावड्याचा घाट उतरलं की चहाच्या वेळेला मी वाळूत उभा असतो.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, कधी बरोबर आली नाही. आई गेल्यावर आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं, त्यात समुद्र बघायचा राहून गेला. आणि मग तिच्या डोळ्यांचा पडदा कडेकडेनं वाळायला लागला. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव सांगितलं. अक्कानं सोपं करून सांगितलं, "चुलीची फुंकणी डोळ्याला लावल्यागत दिसतंय रं. मधलं तेवढं लख्ख. कडंचं सगळं गेलंय." फुंकणी अरुंद होत जाणार होती आणि त्यावर औषध नव्हतं. दवाखान्यातनं येताना ती गाडीत एवढंच म्हणाली, "फुंकणी बुजायच्या आत एकदा सगळा समुद्र दाखव मला."

पुढच्याच रविवारी मी, बायको आणि अक्का देवगडच्या बाजूला गेलो. निघायलाच उशीर झाला, जाऊन पोचलो ते भर दुपारी. समुद्राचा फोटो काढायला याच्याइतकी वाईट वेळ नाही. आकाश सांभाळावं तर वाळू काळी पडते, वाळू सांभाळावी तर आकाश धुतल्या धोतरासारखं पांढरं होतं. माझ्या कॅमेऱ्याचं आणि अक्काचं दुखणं एकच निघालं. सुरूच्या सावलीतनं उन्हात आली की तिला काही दिसेना, काळा चष्मा लावला तर तेही दिसेना. उन्हं उतरेपर्यंत आम्ही सावलीतच बसून राहिलो.

मग मी तिला हाताला धरून पाण्याजवळ नेलं. ती मान डावीकडं वळवी, उजवीकडं वळवी. गर्दीत हरवलेलं पोर शोधावं तशी.

"दिसला का?"

"दिसतोय की. एक लाट दिसली. परत दुसरी दिसली." मग म्हणाली, "लई मोठा म्हणत हुतास. ओंजळभर तर हाय."

मी कॅमेरा डोळ्याला लावला, तेवढंच तोंड लपतं.

संध्याकाळचं सोनेरी ऊन पडलं. फोटोवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात ते. आणि आम्ही जैन. दिवस बुडायच्या आत जेवण उरकायचं. आजवर माझा एकही सूर्यास्त धड आलेला नाही, कारण ऐन वेळी माझ्या हातात भाकरी असते. बायकोनं चटई अंथरली, डबा उघडला. अक्का समुद्राकडं तोंड करून जेवायला बसली. मी एका हातात भाकरी धरून मागनं एक फोटो दाबला. पाण्याची रेघ बरोबर मधोमध, शिवाय डावीकडं कललेली. आमच्या फोटोवाल्या मित्रांच्या ग्रुपवर असला फोटो टाकला असता तर मला गावातनं काढलं असतं.

परत येताना घाट चढता चढता मी ठरवलं, हिला सगळा समुद्र दाखवायचाच. आता कोल्हापूरच्या माणसाला एखादी गोष्ट नीट दाखवायची म्हणजे काय सुचणार? मी दुपारचा एक फोटो घेऊन फ्लेक्सवाल्याकडं गेलो आणि हॉलची अख्खी भिंत भरेल एवढा समुद्र छापून आणला. शेजारच्यांनी विचारलं, "पावणं, वाढदिवस कुणाचा?"

अक्का फ्लेक्ससमोर उभी राहिली. तीच मान, डावीकडं, उजवीकडं. मग हात फिरवून म्हणाली, "झ्याक हाय. गुळगुळीत हाय."

मी जेवलो नाही त्या दिवशी. ऊन असतानाही.

संध्याकाळी बायको कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर फोटो चाळत बसली होती. पलीकडच्या पलंगावरनं अक्का एकदम म्हणाली, "ए, थांब थांब. मागं जा. ते काय हाय?"

तोच भाकरीवाला फोटो. बायकोनं तो तसाच धरून ठेवला. अक्का हलली नाही. मानही हलली नाही.

"दोन्ही कडा दिसाय लागल्यात गं," ती म्हणाली. "ह्या अंगाला खडक, त्या अंगाला झाडं. मधी सगळं पाणी." मग जरा पुढं वाकून, "आणि ही म्हातारी कोण बसलीया?"

"तूच की, अक्का," मी म्हणालो.

"एवढ्या मोठ्या समुद्रापुढं बसलतो व्हय मी?" ती किती तरी वेळ बघत राहिली. "आणि मला कसं कळलं न्हाय रं?"

समुद्र मोठा करायचा नव्हता, लहान करायचा होता. मी तो फोटो पोस्टकार्डाएवढा करून आणला. वर्षभरात पोस्टकार्डाच्या कडाही जायला लागल्या, मग पत्त्याच्या पानाएवढा केला, मग पासपोर्टच्या फोटोएवढा. फ्लेक्स गावाकडं वैरणीच्या गंजीवर पडला आहे. पावसाळ्यात लोकांना लांबनं आमच्या कोडोलीत समुद्र दिसतो.

आता फोटो लांब धरायला तिचा हात पुरत नाही. मी फोटो धरतो आणि ती म्हणते, "मागं सर." मी सरतो. "आणि जरा." परवा माझी पाठ भिंतीला टेकली.

"भिंत लागली, अक्का."

"मग ऱ्हाऊंदे." तिनं डोळे मिटून घेतले. "तूच सांग काय काय हाय त्यात. तुला कुठं थांबाय येतंय?"

मी डावीकडच्या खडकापासनं सुरुवात केली. लाटा सांगितल्या, सुरूची झाडं, चटई, डबा, तिच्या पाठीवरचं ऊन. चांगलं रंगवून सांगितलं. माझा आवाज बसला म्हणून थांबलो.

"झालं?"

"झालं."

"पाण्याची रेघ वाकडी हाय," अक्का म्हणाली, "ती ऱ्हायली की."