मिश्री सोडल्यावर

लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी कमी पडला होता. नव्या कचेरीत वडिलांची बदली झाली म्हणून आम्ही उदगीरहून लातूरला आलो. गल्लीत टँकर येई तेव्हा अशी झुंबड उडे की पहिल्याच महिन्यात आमच्या दारचा ओटा फुटला.

मी एका दैनिकात बातमीदार होतो. आई घरी शिवणकाम करी. दोरा ती कात्रीने नव्हे, पुढच्या दातांनी तोडी. टच्च असा आवाज आला की एक पोलके संपले, हे घरात सगळ्यांना कळे.

दिवसातून तीनदा ती दातांना भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावी. तंबाखूवर मी लिहिलेली बातमी तिला वाचून दाखवली, तेव्हा तिने मिश्रीची डबी आत्याच्या हवाली केली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. ती आमच्याकडेच राहायची. तिला कवळी होती.

पंधरा दिवसांत आईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. खालचे पुढचे दोन दात हलतात, हेही तेव्हाच लक्षात आले.

"ऐक अजून पेपरवाल्याचं," आत्या म्हणाली. "आता बसव माझ्यासारखी कवळी."

"कवळीनं दोरा तुटतो का, वन्सं?"

"दोरा? केळं तुटायची मारामार हाय, वैनी."

आई हसली नाही. "मिश्री होती तवर थेंबभर रक्त न्हाई. हिरडी कशी दगडावानी होती. डबी द्या इकडं."

मी एका दिवसाची मुदत मागितली आणि तिला दातांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर तरुण होत्या, मूळच्या नांदेडच्या. त्यांनी आईचे सगळे ऐकून घेतले.

"मावशी, रोग जुनाच आहे. तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नव्हतं. आता दिसायला लागलं, एवढंच."

"मग दात कशानं हलायलेत?"

"दाताच्या मुळाशी कीट बसलंय. त्यात जंतू असतात. त्यांना मारायला शरीर आपले शिपाई पाठवतं. हिरडी सुजते, लाल होते, ती त्यांच्यामुळं. जंतू हटत नाहीत, शिपाई येतच राहतात आणि त्या झटापटीत दाताभोवतीचं हाड झिजतं. जंतूंपेक्षा आपलेच शिपाई जास्त नुकसान करतात."

"म्हंजे आमचा ओटा," आई म्हणाली. "पाण्याला आलेली माणसं आपलीच. ओटा बी त्यांनीच फोडला."

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच."

"मग हाकलायचं का त्यांना?"

"छे, ती लागतातच. गर्दी कशानं होते ते काढायचं."

दोन खेपांत त्यांनी कीट काढले. मऊ ब्रश दिला, रोज दोनदा घासायला सांगितले. गेलेले हाड परत येईल असे आश्वासन दिले नाही. दात टिकतील, पण दातांनी दोरा तोडणे बंद, असे बजावले.

घरी आल्यावर आईने डबी मागितली नाही. कात्री फितीने मशीनला बांधली. आत्या रोज सकाळी ब्रशाची पाहणी करी आणि शेरा मारी, "म्हातारपणी शाळा लागली बाईची." दीडेक महिन्यात चूळ स्वच्छ येऊ लागली. दात थोडे हलत, पण जागेवर होते.

पुढच्या पावसाळ्यातली एक दुपार. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आतले मशीन थांबले आणि आवाज आला. टच्च.

"आई!"

"कात्री हाय रे, कात्री," आतून उत्तर आले.

"व्हय, कात्रीच," आत्याने साक्ष दिली. "मी बघायले ना."

कात्री माझ्यासमोर टेबलावर होती. बातम्यांची कात्रणे कापायला सकाळीच मी ती मशीनवरून सोडून आणली होती.