खंडेनवमीच्या दिवशी मशिनीवर ठेवलेला हात

हे मी कुणापाशीच बोललेलं नाही, आईपाशीसुद्धा नाही. आज तरी धड सांगता येईल का, कोण जाणे. मी नेमकं काय केलं, हेच मला अजून नीट उमगलेलं नाही.

मी मोशीची. फायनान्स शिकून एका मोठ्या कंपनीत लागले. आमच्या टीमचं काम म्हणजे लहान कंपन्या हेरून विकत घेणं. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं — व्यवहार होईपर्यंत तोंडाला कुलूप. कारखान्यात गेलो तरी सांगायचं, ग्राहक म्हणून पाहणीला आलोय. खरं सांगू? मला त्याचा रुबाबच वाटला.

पहिला कारखाना निघाला निघोज्याचा. आणि तिथल्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे दुरुस्त करतात तिथे, माझा रघुमामा — आईचा चुलतभाऊ. हे साहेबांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पहिलंच काम हातचं गेलं तर?

तीन दिवस आम्ही तिथे जात होतो. शेवटच्या दिवशी खंडेनवमी होती. मशिनींना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. मामाने मला बाजूला घेतलं. "खरं सांग पोरी, कंपनी इकत्यात का? मला दुसरीकडं बोलावणं आलंय. उद्या हो-न्हाई कळवायचंय."

"मला बोलता येणार नाही" — एवढं म्हणता आलं असतं ना? मामा शहाणा, तेवढ्यावरून समजला असता. मी म्हणाले, "काहीतरीच काय, मामा." तो म्हणाला, मशिनीवर हात ठेवून सांग. मी ठेवला. त्याने दुसरी नोकरी नाकारली.

मी नियम पाळला, की घाबरले? की मला त्या तीन दिवसांत मामापेक्षा मोठं झाल्यासारखं वाटत होतं? ठरवता येत नाही. पण आमच्या पाहणीच्या अहवालात एक वाक्य होतं — 'आपली स्वतःची टूलरूम आहे, ही ठेवायची गरज नाही.' ते मी लिहिलं होतं, आदल्याच दिवशी. त्यात मात्र काही गोंधळ नाही.

व्यवहार झाला, टूलरूम बंद झाली. मामा आता एका सोसायटीच्या गेटवर बसतो. आई कधीतरी मला टोचून विचारते, तू तिथेच होतीस, तुला कसं गं काहीच कळलं नाही? तेव्हा मामाच मध्ये पडतो — "तिला कोण सांगतंय? नवी व्हती बिचारी." मी ऐकते, आणि त्याला विचारते, आणखी चहा देऊ का.