गुग्गुळ घेईन, रक्तही तपासेन

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला चष्मा काढायला लावला, पापण्यांच्या कडेचे पिवळे चट्टे बोटानं चाचपले आणि विचारलं, "तुमचे वडील कसे गेले?"

मी सांगलीत विश्रामबागला राहते. चष्म्याचा नंबर बदलायला गेले होते. अप्पांचं इथे काय काम, कळेना. अप्पा चाळिशीतच गेले. माण तालुक्यातल्या आमच्या रानात छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. गाव म्हणालं, बाहेरची बाधा.

"या चट्ट्यांना झँथेलाझ्मा म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "कातडीखाली साठलेली चरबी. रक्त तपासून घ्या."

त्यांनी मला फिजिशियनकडे धाडलं. तिथे कोलेस्टेरॉल हा शब्द पहिल्यांदा ऐकला. कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातला मेणचट पदार्थ. तो वाढला की हृदयाच्या रक्तवाहिन्यांना आतून थर बसतो, वाट अरुंद होते आणि माणूस अप्पांसारखा अचानक जाऊ शकतो.

सासूबाई हसल्या. "काडीसारखी हायस. तुज्या अंगात कुठली आली चरबी?" यजमान म्हणाले, हार्टचं दुखणं पुरुषांचं. मी कुणाचं ऐकलं नाही. उपाशीपोटी जाऊन रक्त दिलं. कोलेस्टेरॉल हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या क्लोफायब्रेट नावाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. काहींना त्या सोसतात, मला नाही सोसल्या. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. डॉक्टरांनीच त्या थांबवल्या.

मग साताऱ्याच्या एका वैद्यांनी शुद्ध केलेला गुग्गुळ दिला. गुग्गुळ म्हणजे एका काटेरी झुडपाचा डिंक. कडूजहर गोळ्या. वर अट घातली, "आता डॉक्टरची पायरी चढायची नाही."

"चढणार," मी म्हणाले. "रक्त तपासल्याशिवाय तुमचं औषध लागू पडलं हे कळायचं कसं?"

इकडे फिजिशियनही रागावले. "झाडपाल्याची खात्री मी देणार नाही."

"खात्री नको. तपासणी करा."

त्यांनी तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. "जुलाब झाले, अंगावर पुरळ उठलं तर लगेच थांबवायचं आणि मला सांगायचं."

जुलाब झालेच. वैद्यांनी गोळ्या कमी केल्या. तूप, खोबरं, अंड्याचा बलक बंद. रोज सकाळी चालणं. काही महिन्यांनी रक्तातला आकडा उतरला. पुरता नाही, पण बराच.

"गुग्गुळानं उतरला, पथ्यानं की चालण्यानं, मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण चालू ठेवा. आणि हे घराण्यातून येतं. भावंडांना आणा."

धाकटा भाऊ संपत दहिवडीजवळच्या आमच्या गावात राहायचा. तालमीत घुमणारा गडी. तुपाशिवाय घास नाही. तो उखडलाच. "आक्का, तुजं डोळं पिवळं झालं म्हणून माजं रगत कशाला काढायचं? मला काय धाड भरलीया?"

"अप्पांना तरी काय धाड भरली होती?"

आई चुलीपुढून उठली, त्याचा सदरा आणून त्याच्या अंगावर टाकला. "जा तिच्यासंगं," एवढंच म्हणाली.

संपतचं कोलेस्टेरॉल माझ्याहून जास्त निघालं. ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, तोही बिघडलेला. त्याला कॅप्सूल सोसल्या. त्यानं तूप सोडलं, कुरकुरत का होईना. आज तो रानात काम करतो आहे.

डॉक्टरांचे उपकार मानते आणि वैद्यांचेही. पण दोघांपुढे तोंड उघडलं, याचा मला पस्तावा नाही. बायांनो, तुम्हीही उघडा.

माहेरी आता मला 'रगतवाली आक्का' म्हणतात. लग्नकार्यात बायका मला बघून पदर तोंडावर ओढतात आणि हसतात. हसू देत. परवा चुलतभावाच्या लग्नात वाढणाऱ्या बायकांतली एक नवी सून माझ्यापाशी वाकली. भात वाढता वाढता हळूच म्हणाली, "आक्का, माजं वडील बी असंच गेलं. सांगलीला कवा येऊ?"

मी तिच्या हातातलं भाताचं पातेलं काढून खाली ठेवलं आणि म्हणाले, "उद्याच. माझ्याबरोबरच चल."