माहितीचं वाटप

माझ्या बायकोच्या मामांइतका, आपली मेहनत लोकांना वाटून टाकायला उतावीळ माणूस लातुरात दुसरा सापडणार नाही. आणि हे कुठलं लातूर, तर जिथं शिकवणीची पोरं एका खोलीत राहून एकमेकांपासून नोट्स गादीखाली दडवतात ते. मामा हाडांचे डॉक्टर. भूकंपात त्यांनी तंबूत बसून लोकांचे मोडलेले पाय जोडले आणि तेव्हाच्या केसपेपरांचा पुढं गळक्या खोलीत भिजून लगदा झाला. तेव्हापासून मामा कुठलीच वस्तू एका जागी ठेवत नाहीत. लग्नाचा एक अल्बम लातुरात, दुसरा नांदेडला बहिणीकडे. लोणचंसुद्धा अर्धं नांदेडला जातं. एकदा किनवटच्या लग्नाला निघताना त्यांनी मामींना पुढच्या एसटीत बसवलं आणि स्वतः मागच्या एसटीनं गेले. मामी म्हणाल्या, "मी काय ह्यांची झेरॉक्स हाय का?"

त्या जुन्या जखमींचे पाय आता कसे आहेत, या मामांच्या अभ्यासाला पुढं पैसे मंजूर झाले. देणाऱ्यांची अट होती की, गोळा केलेली माहिती कशी जपणार आणि इतरांना कशी देणार, याचा आराखडा आधी द्या. बाकीचे डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. मामांना मात्र लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. माहिती दोन गावी राहील, नावांऐवजी आकडे असतील, कुठलाही डॉक्टर मागेल त्याला मिळेल. अडलं एकाच ठिकाणी. ज्यांचे पाय, त्यांची परवानगी हवी होती. ते नाही म्हणाले तर सगळं कपाटातच पडून राहणार होतं.

मामांनी पुनर्वसित गावात भोंग्यावरून पुकारायला लावलं, 'उद्या माहितीचं वाटप.' दुसऱ्या दिवशी मी सोबत होतो. बघतो तर अख्खं गाव रेशनकार्ड आणि थैल्या घेऊन रांगेत उभं. त्या गावाला वाटप म्हणजे ब्लँकेट, भांडी, ज्वारी एवढंच ठाऊक. मामा घाम पुसत म्हणाले, "आज आम्ही द्यायचं नाही, तुम्ही द्यायचंय. तुमच्या पायाची माहिती, नाव न सांगता, दुसरीकडच्या डॉक्टरांना." कुजबुज झाली. काही थैल्या घराकडे वळल्या. मामांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात रांगेत पुढं उभी असलेली एक लंगडी म्हातारी बोलली, "त्या टायमाला कुठून कुठून लोकांनी आमाला वाटलं. आमी निस्ती रांगंत हुबी. आज आमच्याकडं बी वाटायला कायतरी हाय म्हना की." तिनं अंगठा पुढं केला. वळलेले लोक परत आले.

बऱ्याच वर्षांनी दूरच्या एका देशात भूकंप झाला आणि तिथल्या डॉक्टरांनी ती माहिती मागवून घेतली. मामा पेढे घेऊन म्हातारीकडे धावले. तिनं पेढा हातातच धरला. "मग तिथल्या बाईचा पाय बरा झाला का?"

मामांच्या आराखड्यात या प्रश्नाला रकाना नव्हता. त्यांनी लगेच त्या डॉक्टरांना विचारलं. पुढं म्हातारी गेली, मामाही थकले. उत्तर अजून आलेलं नाही. परवा भेटलो तर म्हणाले, "येईल रे. आलं की दोन झेरॉक्स काढू. एक तिच्या लेकीकडं ठेवायची."